समजून घ्या : हॅलोविन तिकडचं, पण मराठी वाचकाची झोप उडवली ती नारायण धारपांनी!

सुलतानपूर (जि. बुलढाणा) : ३१ ऑक्टोबर जवळ आला की मोबाइलवर भोपळ्याचे दिवे आणि भुतांचे रील सुरू होतात. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूर परिसरात हे दिवस सोयाबीनच्या काढणीचे. शेतात गंजी लागली की रात्रीची जागल आली, आणि जागल म्हटलं की चकव्याची, मुंजाची एखादी गोष्ट निघतेच. गंमत म्हणजे हॅलोविनचं मूळही सुगीतच आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडे पीक घरात आल्यावर साविन नावाचा सण होत असे. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात, अशी समजूत होती.

आपल्याकडे पारावरची ही भीती पुस्तकात आणून घराघरात पोहोचवण्यात सर्वात मोठा वाटा नारायण धारपांचा.

कोण होते धारप?

जन्म २७ ऑगस्ट १९२५, पुण्यात. शिक्षण केमिकल इंजिनिअरिंगचं. हे त्यांच्या कथांमध्ये जाणवतंही. त्यांच्याकडची भुतं नुसती पांढऱ्या साडीत फिरत नाहीत. भुताटकीलाही काही नियम असतात आणि माणूस ते चुकून मोडतो. सुरुवात अगदी साधी असते. मध्यमवर्गी कुटुंब, नवं घर, एखादी बंद खोली. मग हळूहळू काहीतरी बिनसत जातं. ‘समर्थ’ ही त्यांची व्यक्तिरेखा अशा शक्तींशी लढते. ‘नेनचिम’सारखी विज्ञान कादंबरीही त्यांनी लिहिली. लायब्ररीत नंबर लावून त्यांची पुस्तकं वाचली जायची. समीक्षकांनी मात्र भयकथेला कायम मागच्या बाकावर बसवलं.

उसनवारीचा आक्षेप काय?

हा आक्षेप खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. ‘लुचाई’वर स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’ची, तर ‘शपथ’वर ‘इट’ची छाया स्पष्ट दिसते. ‘आजी’ ही कथाही किंगच्या ‘ग्रामा’वरून आलेली. अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिच्याजवळ घरात एकटा राहिलेला मुलगा, हा मूळ कथेचा गाभा. पण अमेरिकेतली म्हातारी मराठी घरातली आजी वाटू लागते, ते नुसत्या भाषांतराने होत नाही. जागलीवरची गोष्टही कुणाची तरी ऐकलेलीच असते. सांगणारा त्यात आपल्या गावचा ओढा आणि आपल्या गावची चिंच घालतो. फरक एवढाच, की छापील पुस्तकात मूळ लेखकाचं नाव द्यायला हवं.

‘तुंबाड’शी संबंध काय?

१९९३ मध्ये विदर्भातल्याच नागझिरा अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची कथा सांगितली. वाचून नव्हे, ऐकून ते घाबरले. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलं; भीती मात्र धारपांची.

धारपांना हे पाहायला मिळालं नाही. १८ ऑगस्ट २००८ रोजी त्यांचं निधन झालं आणि ‘तुंबाड’ पडद्यावर आला तो १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली.