रत्नपारखी हॅरी विन्स्टन

जव्हारहून मोखाड्याच्या डोंगराळ मुलखातून पूर्वेकडे निघालेली वाट त्र्यंबकेश्वरास पोहोचते. या तीर्थक्षेत्री देवाच्या अलंकारांत पूर्वी एक अमोल हिरा होता, असे सांगतात. नाशिकच्या नावावरून पुढे तो जगात ‘नासक’ हिरा म्हणून प्रसिद्ध झाला. १८१८ साली पेशवाईचा अस्त झाला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाकडून तो इंग्रजांच्या हाती पडला आणि इंग्लंडास गेला. सुमारे सव्वाशे वर्षांनी ज्याने या हिऱ्याला आजचे रूप दिले, तो अमेरिकेतील जवाहिऱ्या म्हणजे हॅरी विन्स्टन.

हॅरीचा जन्म १ मार्च १८९६ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे आईवडील युरोपातून अमेरिकेत आले होते. वडिलांचे दागिन्यांचे लहानसे दुकान होते. तेथे वावरता वावरता हॅरीची नजर तयार झाली. तो बारा वर्षांचा असतानाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. एका दुकानात खोट्या खड्यांच्या ढिगात त्याला एक हिरवा खडा दिसला. त्याने तो अवघ्या २५ सेंटना विकत घेतला. तो अस्सल पाचू निघाला आणि दोनच दिवसांत ८०० डॉलरांना विकला गेला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून हॅरी वडिलांच्या धंद्यात पडला आणि १९२० साली त्याने स्वतःचा व्यवसाय थाटला.

त्या काळी अनेक धनिक घराण्यांतील दागिने जुन्या घडणीचे म्हणून मागे पडत. इतर व्यापाऱ्यांना त्यांत विशेष लाभ दिसत नसे. विन्स्टन मात्र असे दागिने विकत घेई, जुन्या कोंदणातून रत्ने मोकळी करी आणि त्यांना नव्याने पैलू पाडवून घेई. १९२६ साली अरबेला हंटिंग्टन या श्रीमंत महिलेचा रत्नसंग्रह त्याने विकत घेतला व तो याच रीतीने नव्या रूपात आणला. त्यामुळे त्याचे नाव सर्वत्र झाले.

जुन्या हिऱ्याला नवे पैलू का पाडावे लागतात? पूर्वी भारतातील कारागीर हिऱ्याचे वजन राखण्याकडे फार लक्ष देत. मूळच्या खड्याचा आकार शक्य तितका तसाच ठेवून ते त्यावर पैलू घाशीत. पुढे प्रकाशाच्या नियमांचा अभ्यास झाला. खालचे पैलू योग्य कोनात असतील, तर वरून शिरलेला प्रकाश आत परावर्तित होऊन पुन्हा वरच्या बाजूने बाहेर पडतो व हिरा झळाळतो. कोन चुकले, तर प्रकाश खालून निसटून जातो आणि मोठा हिराही मंद दिसतो. हिऱ्याइतका कठीण दुसरा नैसर्गिक खनिज पदार्थ नाही. म्हणून तो घासण्यासाठी फिरत्या चाकावर हिऱ्याचीच पूड तेलात कालवून लावतात. हे काम अतिशय जोखमीचे असते. एकदा घासला गेलेला भाग कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

नासक हिऱ्याला लंडनमध्ये एकदा नवे पैलू पाडले गेले होते. तेव्हा मूळचा त्रिकोणी आकार राखून वजन सुमारे ८० कॅरेट ठेवले होते. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. १९४० साली हा हिरा विन्स्टनच्या हाती आला. तो होता तसा ठेवावा, तर इतिहासाची खूण राहणार, पण तेज दबलेलेच राहणार. तेज खुलवावे, तर वजनाचा मोठा भाग गमवावा लागणार आणि जुन्या कारागिरांच्या हाताची उरलीसुरली खूणही पुसली जाणार. विन्स्टनने तेजाची निवड केली. हिरा लांबट चौकोनी आकारात, पायऱ्यांसारख्या पैलूंनी नव्याने घडवला गेला. त्याचे वजन ४३.३८ कॅरेट, म्हणजे जवळजवळ निम्मे उरले. परंतु तो निर्दोष आणि तेजस्वी झाला. मात्र त्र्यंबकेश्वरचा तो जुना त्रिकोणी हिरा कायमचा नाहीसा झाला.

१९४९ साली विन्स्टनने ‘होप’ नावाचा प्रसिद्ध निळा हिरा विकत घेतला. हाही मूळचा भारतातलाच. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने तो येथून नेला होता. अनेकदा पैलू पाडल्यामुळे त्याचे वजन ४५.५२ कॅरेट उरले होते. विन्स्टनने लोकोपयोगी कार्यांना निधी मिळावा म्हणून ठिकठिकाणी त्याची प्रदर्शने भरवली. अखेर १९५८ साली तो त्याने वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेस दान केला. साध्या तपकिरी कागदात गुंडाळून, नोंदणी करून, टपालाने तो धाडण्यात आला! आज तेथील संग्रहालयात कोणालाही तो पाहता येतो.

विन्स्टन १९७८ साली निवर्तला. रत्नांची पारख करणे, त्यांत दडलेले तेज ओळखणे आणि ते प्रकट करण्यासाठी मोठी जोखीम पत्करणे, हे त्याचे विशेष गुण होते. त्याच्या हातून नासक हिऱ्याचे वजन घटले, पण तेज वाढले. काय मिळवायचे आणि त्यासाठी काय गमवावे लागेल, याचा विचार चाकाला हिरा लावण्यापूर्वीच करावा लागतो, हे त्याचे चरित्र आपल्याला शिकवते.