बिने यांच्या दोन मुली

बुद्ध्यंक या कल्पनेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या आल्फ्रेड बिने यांनी स्वतः कोणाचाही बुद्ध्यंक काढला नाही. मुलाची बुद्धी एका आकड्यात मावते, हे त्यांना पटणारेही नव्हते. त्यांच्या घरातच दोन मुली वाढत होत्या.

१८५७ साली आताच्या फ्रान्समधील नीस येथे जन्मलेले बिने कायद्याचे पदवीधर. मानसशास्त्राकडे ते वळले ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तके वाचून. पुढे साल्पेत्रिएर रुग्णालयात काम करताना त्यांनी एक दावा केला. संमोहित रुग्णाजवळ लोहचुंबक नेला की त्याची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतात, असा तो दावा होता. बेल्जियमच्या देल्बफ यांनी तो खोडून काढला. चुंबकाचा काही संबंध नव्हता, रुग्ण प्रयोगकर्त्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागत होते. बिने यांना चूक मान्य करावी लागली. तपासणारा नकळत उत्तर सुचवतो, हे मात्र ते पुन्हा विसरले नाहीत.

मादलेनचा जन्म १८८५चा, आलिसचा १८८७चा. चालायला शिकताना मादलेन पुढचा आधार हाताच्या टप्प्यात दिसल्याशिवाय पाऊल टाकत नसे. आलिस झोकांड्या खात थेट खोलीच्या मधोमध जाई. मोठेपणी एखाद्या वस्तूचे वर्णन करायला सांगितले, तर थोरली दिसते ते बारकाईने टिपे, धाकटी कल्पनेत रमे. दोघींमध्ये हुशार कोण, या प्रश्नाला अर्थच उरत नव्हता. बिने यांनी १९०३ साली या निरीक्षणांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा मुलींना मार्गरित आणि आर्मांद अशी टोपणनावे दिली. त्याआधी डोक्यांच्या मापावरून बुद्धी ओळखता येते का, हेही त्यांनी शाळकरी मुलांवर तपासून पाहिले होते. फरक इतका किरकोळ निघाला की, तो नाद त्यांनी सोडला.

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे शिक्षण द्यायचे, तर ती ओळखायची कशी, हे ठरवण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ साली समिती नेमली. बिने तिचे सदस्य होते. नुसत्या शिक्षकांच्या मतावर विसंबले, तर वर्गात त्रास देणाऱ्या मुलावरही मंदबुद्धीचा शिक्का बसेल, ही भीती होती. म्हणून थेओदोर सिमों या तरुण डॉक्टरांसह त्यांनी १९०५ साली ३० कृतींची चाचणी तयार केली. पेटलेल्या काडीमागे नजर फिरवणे, तीन आकडे ऐकून पुन्हा म्हणणे, माशी आणि फुलपाखरू यांतला फरक सांगणे अशा त्या कृती. मूल एकटे बसवायचे, त्याची भीड मोडायची, धीर द्यायचा, पण उत्तर सुचवायचे नाही. १९०८ साली प्रश्न वयानुसार लावले गेले. फळ्यावरचे दिसत नसल्यामुळे एखादे मूल ‘ढ’ ठरू नये, म्हणून शिक्षकांनाच करता येईल अशी दृष्टितपासणीही बिने यांनी सुचवली.

चाचणीनंतर काय, हा प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचा वाटे. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी, या मताला त्यांनी १९०९च्या पुस्तकात कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांच्या खास वर्गांत अभ्यासाआधी मनाचा व्यायाम असे: पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहायचे, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून लिहायच्या. लक्ष टिकवणे शिकवता येते, असा त्यांचा अनुभव होता.

१९११ साली, अवघ्या ५४व्या वर्षी ते गेले. पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत हाच आकडा मुलांची प्रतवारी लावायला वापरला गेला. बिने यांची चाचणी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. शाळेत अडखळणाऱ्या मुलाला नेमकी कोणती मदत हवी, हे पाहण्यासाठी ‘बिने-कामत’ चाचणी भारतात अजूनही वापरली जाते.