गणिताचे प्राध्यापक, ज्यांनी शेतकऱ्यालाच शेतकऱ्याचा मास्तर केलं

ऑक्टोबर उजाडला की निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप रात्री उशिरापर्यंत वाजत असतात. कुणी पानाचा फोटो टाकतं आणि विचारतं, ही डाऊनीच आहे ना? कुणाचे घड जिरायला लागलेले असतात. उत्तर देणारा बहुतेक वेळा अधिकारी नसतो की शास्त्रज्ञ. तो दोन गावं पलीकडचा दुसरा बागायतदार असतो, ज्याने मागच्या वर्षी हेच भोगलेलं असतं.

शेतकऱ्याने शेतकऱ्याला शिकवायचं, ही गोष्ट आज जगभर गाजतेय. रिजनरेटिव्ह शेती, म्हणजे जमिनीचा कस परत आणणारी शेती, पसरवायची असेल तर हाच रस्ता, असं मोठमोठ्या संस्था सांगतात. मध्य अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून याची चळवळ झाली. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या.

पण भिडूंनो, त्याच्याही आधी हे काम आपल्या महाराष्ट्रात एका गणिताच्या प्राध्यापकाने हाती घेतलं होतं. नाव श्रीपाद अच्युत दाभोलकर.

आडनाव ओळखीचं वाटलं ना? बरोबर. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे हे थोरले भाऊ. साताऱ्याच्या या घरात दहा भावंडं. सगळ्यात मोठे देवदत्त दाभोलकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सगळ्यात धाकटे नरेंद्र, अंधश्रद्धा निर्मूलनवाले. श्रीपाद यांचा जन्म १९२४ चा, म्हणजे नरेंद्र यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. एक भाऊ लोकांना चमत्कार तपासून बघायला शिकवत होता, दुसरा शेत तपासून बघायला. घराण्याचा धंदाच म्हणायचा हा.

श्रीपाद दाभोलकर कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीला शिकवायचे. तिथे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५२ मध्ये मौनी विद्यापीठ काढलं होतं. खेड्यातल्या मुलांना खेड्याच्या उपयोगाचं शिक्षण द्यायचं, हा त्यामागचा विचार. दाभोलकर सरांनी तो विचार वर्गाच्या भिंतीबाहेर नेला. शिकायचं वय उलटून गेलेला, पदवी नसलेला, पण रोज मातीत हात असणारा माणूस विज्ञान करू शकतो का, हा त्यांचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर मिळालं द्राक्षात.

द्राक्षाचं आणि नाशिकचं नातं जुनं आहे. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ मध्ये द्राक्षलागवड सुरू केली, तिथून नाशिकची द्राक्षक्रांती मोजतात. दक्षिणेत दुसरा पट्टा उभा राहत होता तो सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला आणि हे पट्टे एका छताखाली आले. त्याच दशकात थॉम्पसन सीडलेस, म्हणजे बिनबियांची द्राक्षं, शेतकऱ्यांना खुणावत होती.

अडचण अशी की ही वेल मूळची थंड हवेची. तिकडे ती हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटली की भागतं. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून महाराष्ट्रात दोनदा छाटावी लागते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पीक मात्र एकच. आणि खरी गंमत पुढे आहे. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड काडीतल्या डोळ्यात आधीच, खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत तयार झालेला असतो. द्राक्षवाले याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत पानांवर ऊन नीट पडलं नाही, काड्यांची गर्दी झाली, तर काडी वांझ निघते. नुकसान मे महिन्यात होतं आणि कळतं नोव्हेंबरात!

आता सांगा, कॅलिफोर्नियाचं पुस्तक इथे किती कामाला येणार? सरकारी पत्रक तरी प्रत्येक बागेला कसं पुरणार? इथे कामाला येणार होतं ते शेजारच्या बागेतलं निरीक्षण. कुणी कधी छाटलं, किती डोळे ठेवले, किती पानं होती, घड किती आले.

दाभोलकर सरांनी नेमकं हेच जोडलं. या जाळ्याला नाव दिलं प्रयोग परिवार. रचना म्हणाल तर फारशी नव्हतीच. साहेब आणि शेतकरी अशी उतरंडही नव्हती. ज्याला प्रश्न पडलाय त्याने आपल्या बागेत छोटा प्रयोग करायचा, मोजमाप ठेवायचं, निकाल बिघडला तरी इतरांपुढे मांडायचा. इतरांनी तो आपापल्या मातीत करून बघायचा. शास्त्र लागेल तिथे शास्त्र आणायचं, पण ते समजून घ्यायचं, ऐकून सोडायचं नाही.

गणिताचा माणूस असल्याने मोजण्यावर त्यांचा भारी जोर. झाडाचं पान म्हणजे ऊन पकडणारी जागा. किती चौरस फूट पानं किती दिवस उन्हात होती, यावर किती अन्न तयार होणार ते ठरतं. हा हिशेब सातवी शिकलेला शेतकरीही करू शकतो, आणि एकदा तो जमला की बाग बघायची नजरच बदलते.

हे सगळं कागदावर छान वाटतं, घडलं का काही? घडलं. तासगाव पट्ट्यातले शेतकरी महाराष्ट्राला द्राक्षात दिशा देणारे ठरले. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे याच मुलुखातले. थॉम्पसनच्या बागेतून वेगळी वेल हेरून त्यांनी तास-ए-गणेश हा वाण निवडला. तो पुढे नाशिकच्या बागांतही पोहोचला. सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी तशाच निवडीतून सोनाका दिला. हे वाण शेतकऱ्यांच्या डोळ्यांनी शोधलेले आहेत, प्रयोगशाळेतून आलेले नाहीत. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र पुण्याजवळ मांजरीला आलं ते १९९७ मध्ये, तोवर ही मंडळी कितीतरी पुढे गेली होती. दाभोलकर सरांना १९८५ मध्ये ग्रामीण विकासात विज्ञान-तंत्रज्ञान वापरल्याबद्दल जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी राहील.

द्राक्षाने पैसा दिला आणि पैशामागून औषधं, संजीवकं, खतं, सल्लागार आले. जाळं तेच, पण त्यातून वाहू लागली बाटल्यांची नावं. २०१० मध्ये युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडवले. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश. हे संजीवक कशासाठी मारतात? काडीची वाढ आवरून सूक्ष्म घडनिर्मिती साधावी म्हणून. म्हणजे जे काम पानं आणि ऊन मोजून करायचं, त्याला बाटलीचा शॉर्टकट आला, आणि तो नाशिकच्या निर्यातदार शेतकऱ्याच्या गळ्याशी आला.

यात शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. एकरी खर्च लाखांत, डोक्यावर कर्ज, वर ढग. अशा वेळी माणूस प्रयोग करत बसत नाही, दुकानदार देईल ते मारतो. पण मला वाटतं, प्रयोग परिवारातलं निम्मंच आपण उचललं. माहिती पुढे पाठवायची सवय लागली. थोड्या जागेवर करून बघायची, मोजायची आणि बिघडलेलंही सांगायची सवय मागे पडली. त्या सवयीशिवाय ग्रुपवर फिरते ती ऐकीव माहिती.

दाभोलकर सर स्वतः मात्र द्राक्षावर थांबले नाहीत. पालापाचोळा, काडीकचरा कुजवून माती घरीच घडवायची आणि बाहेरून विकत आणायचं ते कमी करत न्यायचं, इकडे ते वळले. पाच जणांचं कुटुंब दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, चांगलं जगू शकतं हे त्यांनी मांडलं. त्यांचं विपुलाच सृष्टी हे पुस्तक मराठीत आहे आणि प्लेन्टी फॉर ऑल हे इंग्रजी पुस्तक १९९८ मध्ये आलं. आजच्या रिजनरेटिव्हवाल्यांनी ते वाचलं तर बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील. कव्हर क्रॉप आणि कार्बन हे शब्द तेवढे नंतरचे.

२००१ मध्ये ते गेले. हे वाचणाऱ्या कित्येकांचा जन्मही तेव्हा झाला नसेल.

त्यांची पद्धत पुढे गेली ती जिथे कुणाला वाटलं नसतं तिथेही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी तिच्यावरून गच्चीवरची शेती उभी केली. दोशींचं काम बघून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर, रोजच्या भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यातून माती तयार झाली, आणि त्या मातीत झाडं लागली.