लँडस्टायनर यांचे दोन शोध आणि आईचे एक इंजेक्शन

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत रक्तगट पाहिला जातो. अहवालात ए, बी, एबी किंवा ओ यांपैकी एक गट लिहिलेला असतो आणि त्याच्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. यातले पहिले अक्षर आणि पुढचा शब्द या दोन्हींच्या मुळाशी एकच नाव आहे, कार्ल लँडस्टायनर. पहिला शोध लागला तेव्हा ते तिशीत होते आणि दुसरा प्रसिद्ध झाला तेव्हा सत्तरी उलटलेले. पहिल्या शोधाने रक्त देणे सुरक्षित झाले, दुसऱ्याने काही बाळे पोटातच का दगावतात याचे कोडे सुटले. त्या बाळांना वाचवणाऱ्या इंजेक्शनचा मार्ग मात्र हे दोन्ही शोध एकत्र ठेवल्यावरच दिसला.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्नाजवळ झाला. हाच दिवस आता जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. वडील लिओपोल्ड हे नामांकित पत्रकार होते. मुलगा सहा वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले आणि आई फॅनी हिने त्याला एकटीने वाढवले. मायलेकांचे नाते अतिशय घट्ट होते. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आयुष्यभर खोलीत भिंतीवर लावून ठेवला होता. स्वभावाने ते अबोल, संकोची, प्रसिद्धीपासून चार हात दूर राहणारे. पियानो मात्र उत्तम वाजवत.

१८९१ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले, पण दवाखाना थाटला नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काही वर्षे काढली. नंतर व्हिएन्नाला परतून ते विकृतिशास्त्र विभागात लागले. तिथे दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसभर मृतदेह आणि उरलेल्या वेळात काचनळ्या, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जुगारच होता. बाळंतपणात रक्तस्राव होऊन स्त्रिया डोळ्यांदेखत जात. ते पाहून लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयत्न सुरू केले होते. काही रुग्ण वाचत, काही थंडी वाजून, लघवी काळी होऊन दगावत. असे का होते ते कोणालाच सांगता येत नव्हते. दोन माणसांचे रक्त मिसळले की कधी कधी गुठळ्या होतात हे माहीत होते, पण तो एखाद्या आजाराचा परिणाम असावा असा समज होता.

लँडस्टायनर यांनी साधा प्रश्न विचारला. निरोगी माणसांतही असे होते का? १९०० साली त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेतले. तांबड्या पेशी वेगळ्या केल्या, वरचे पिवळसर पाणी म्हणजे रक्तरस वेगळा केला आणि प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींत मिसळून पाहिला. काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटल्या, काहींत तशाच राहिल्या. त्यामागे नियम होता. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी ए, बी आणि सी असे तीन गट मांडले. सी पुढे ओ म्हणून ओळखला जाऊ लागला. चौथा, एबी, त्यांच्या सहकाऱ्यांना १९०२ मध्ये सापडला.

या नियमातला एक भाग पुढच्या कहाणीसाठी महत्त्वाचा आहे. ज्याच्या पेशींवर ए नाही, त्याच्या रक्तरसात ए विरुद्धचे प्रतिपिंड आधीपासूनच तयार असतात. ते बाळपणीच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होतात, त्यासाठी परके रक्त अंगात जावे लागत नाही. म्हणून ओ गटाच्या माणसाच्या शरीरात ए गटाच्या पेशी शिरल्या की त्या ताबडतोब नष्ट केल्या जातात.

इतका मोठा शोध, पण त्याची दखल घ्यायला जगाला वेळ लागला. रक्त देण्याआधी ते जुळते का हे पाहण्याची सुरुवात १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या रूबेन ऑटनबर्ग यांनी केली. लँडस्टायनर तोवर दुसऱ्या कामाला लागले होते. १९०८ मध्ये त्यांनी एर्विन पॉपर यांच्यासह पोलिओ हा संसर्गजन्य रोग माकडांत संक्रमित करून दाखवला. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाची दैना झाली. १९१९ मध्ये पत्नी हेलेन आणि लहान मुलाला घेऊन ते नेदरलँड्समधील हेग शहरात गेले आणि एका छोट्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आले आणि त्यांचे उरलेले आयुष्य अमेरिकेतच गेले. १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी रक्तघटक शोधले. १९०१ च्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९३० मध्ये.

इथे कहाणी संपली असती, पण रक्तगट जुळवूनही अधूनमधून अपघात होतच होते. १९३९ मध्ये लेव्हिन यांनी रुफस स्टेट्सन यांच्यासह अशाच एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. तिचे बाळ पोटातच गेले होते. प्रसूतीनंतर रक्ताची गरज पडली म्हणून नवऱ्याचे रक्त दिले. दोघांचाही गट ओ. तरीही तिला जबर प्रतिक्रिया आली. लेव्हिन यांनी तिचा रक्तरस तपासला तेव्हा गट जुळणाऱ्या १०४ जणांपैकी ८० जणांच्या पेशी त्याने चिकटवल्या. बाळाला वडिलांकडून मिळालेला कुठला तरी घटक आईच्या रक्तात गेला असावा आणि आईच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केले असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. घटकाला नाव मात्र दिले नाही.

नाव आले १९४० मध्ये. लँडस्टायनर तेव्हा निवृत्त होते, तरी प्रयोगशाळेत रोज येत. अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी ऱ्हिसस जातीच्या माकडाच्या पेशी सशांना टोचल्या. सशांत तयार झालेल्या रक्तरसाने न्यूयॉर्कमधील सुमारे ८५ टक्के गोऱ्या लोकांच्या पेशी चिकटवल्या, उरलेल्या १५ टक्क्यांच्या नाही. माकडाच्या नावावरून या घटकाला आरएच म्हटले गेले. सशांतील प्रतिपिंड आणि स्त्रियांत सापडणारे प्रतिपिंड तंतोतंत एक नाहीत हे पुढे उघड झाले. माकडाशी जुळणाऱ्या घटकाला मग लँडस्टायनर आणि वीनर यांच्या आद्याक्षरांवरून एलडब्ल्यू असे नाव मिळाले. पण आरएच हे नाव तोवर जगभर रुळले होते, ते तसेच राहिले.

१९४१ मध्ये लेव्हिन यांनी धागा पूर्ण जोडला. आई आरएच निगेटिव्ह, बाळ वडिलांसारखे पॉझिटिव्ह. प्रसूतीच्या वेळी वार सुटताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्या पेशी परक्या म्हणून ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवते. पहिले मूल बहुधा सुखरूप असते, कारण प्रतिपिंड तयार होईपर्यंत ते जन्मलेले असते. पुढच्या वेळी पॉझिटिव्ह बाळ पोटात असले की तेच प्रतिपिंड वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते, जन्मानंतर तीव्र कावीळ होते. कित्येक बाळे जन्माआधीच जातात. अशा घरांत पूर्वी दोष सुनेच्या पोटाला किंवा नशिबाला दिला जाई.

२४ जून १९४३ रोजी लँडस्टायनर यांना प्रयोगशाळेत काम करतानाच हृदयविकाराचा झटका आला. हातात पिपेट होती. दोन दिवसांनी ते गेले. आजार कळला होता, उपाय सापडला नव्हता.

त्याच वर्षी लेव्हिन यांनी एक विसंगती नोंदवली. आई आणि बाळाचे ए-बी-ओ गट एकमेकांशी जुळत नसतील, तर आईत आरएच विरुद्धचे प्रतिपिंड क्वचितच तयार होत. कारण १९०१ च्या नियमातच होते. ओ गटाच्या आईत बाळाच्या ए पेशी शिरल्या की तिच्याकडे आधीच असलेले प्रतिपिंड त्यांचा लगेच निकाल लावतात. आरएच घटकाची ओळख व्हायला शरीराला उसंतच मिळत नाही.

निसर्ग जे काही जणींच्या बाबतीत आपोआप करतो ते सगळ्यांसाठी मुद्दाम करता येईल का, हा प्रश्न १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन यांनी, तर न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गोर्मन आणि विल्यम पोलॅक यांनी हाती घेतला. उत्तर दोघांनाही सापडले. तयार प्रतिपिंडच आईला टोचायचे. ते बाळाच्या पेशींना आईच्या शरीराने ओळखण्याआधीच नाहीसे करतात. हेच अँटी-डी इंजेक्शन. अमेरिकेत त्याला १९६८ मध्ये परवाना मिळाला. लँडस्टायनर यांच्या जन्माला त्या वर्षी १०० वर्षे होत होती.

आज निगेटिव्ह गटाच्या गरोदर स्त्रीला हे इंजेक्शन सुचवले जाते तेव्हा ती बहुधा ठणठणीत असते. पोटातले बाळही ठीक असते. मग कशासाठी टोचून घ्यायचे, तेही महागडे, असा प्रश्न घरात निघतो. याचे उत्तर आकड्यांत आहे. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह आणि ए-बी-ओ गट जुळणारे असतील, तर इंजेक्शनाविना १०० पैकी सुमारे १६ जणींत प्रतिपिंड तयार होतात. प्रसूतीनंतर इंजेक्शन दिल्यास हे प्रमाण दोनपर्यंत खाली येते. २८ व्या आठवड्यातही एक दिल्यास हजारात एक ते तीन इतकेच उरते. एकदा प्रतिपिंड तयार झाले की मात्र हे इंजेक्शन निरुपयोगी ठरते. म्हणून आधी इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून ते नाहीत याची खात्री करतात. प्रसूतीनंतर नाळेतील रक्ताचा गट पाहतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाले तर ७२ तासांच्या आत इंजेक्शन देतात.

दुसरी बाजूही आहे. हे औषध पारंपरिक पद्धतीने दात्यांच्या रक्तद्रवापासून बनते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये दूषित अँटी-डीमुळे शेकडो स्त्रियांना हिपॅटायटिस सी झाला. त्यानंतर दात्यांची तपासणी आणि विषाणू नष्ट करण्याच्या पद्धती कडक झाल्या. बाळाचे वडील खात्रीने निगेटिव्ह असतील तर इंजेक्शनाची गरजच नसते. युरोपातील काही देशांत आता आईच्या रक्तातूनच बाळाचा आरएच गट पाहतात आणि बाळ निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन टाळतात. बाकी स्त्रियांच्या बाबतीत तराजू स्पष्टपणे इंजेक्शनाच्या बाजूने झुकतो.

लस आणि हे इंजेक्शन यांत एक फरक आहे. लस शरीराला शिकवते, अँटी-डी शरीराला शिकू देत नाही. टोचलेले प्रतिपिंड काही आठवड्यांत विरून जातात, म्हणून प्रत्येक गरोदरपणात ते नव्याने घ्यावे लागते. गर्भपात, गर्भनलिकेतील गर्भ, मधेच झालेला रक्तस्राव, पोटाला लागलेला मार, गर्भजलाची तपासणी, या प्रत्येक वेळी बाळाचे रक्त आईत मिसळू शकते आणि इंजेक्शनाची गरज पडू शकते. लग्नाआधीचा किंवा घरच्यांपासून लपवलेला गर्भपात डॉक्टरांनाही सांगितला जात नाही आणि तिथेच धोका शिरतो. डॉक्टरांना ही गोष्ट एकांतात सांगता येते. एकच मूल हवे म्हणून इंजेक्शन टाळणाऱ्यांचा विचारही पुढे बदलू शकतो. तयार झालेले प्रतिपिंड मात्र विचार बदलला म्हणून जात नाहीत.

आपल्याकडे निगेटिव्ह रक्तगटाचे प्रमाण युरोपपेक्षा कमी, साधारण १०० त पाच आहे. त्या पाच जणींसाठी माता व बाल संरक्षण कार्डावरचा निगेटिव्ह हा शब्द पहिल्या तपासणीतच लक्षात येणे, पतीचा रक्तगट त्याच सुमारास पाहिला जाणे आणि २८ व्या आठवड्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहिली जाणे गरजेचे आहे.