लाखेची वाटी आणि मायकेल फॅरेडे

पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे लाख धरतात, हे आपल्या जंगल भागात कोणाला सांगावे लागत नाही. बांगड्या, लाकडावरचे पॉलिश, पाकिटावरचे सील, एवढे तिचे उपयोग सर्वांना माहीत असतात. पण शुद्ध केलेल्या लाखेची एक वाटी १८३७ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत विजेचा एक मोठा प्रश्न सोडवून गेली. आमच्या सरकारी रुग्णालयातल्या यंत्रांशी तिचे नाते आहे. तो प्रयोग करणारे शास्त्रज्ञ होते मायकेल फॅरेडे.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. वडील लोहार, घरी गरिबी, शाळा लिहिण्या-वाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागले. विश्वकोशातला विजेवरचा लेख वाचून त्यांनी साध्या साहित्यातून विजेचे छोटे यंत्र केले. हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून टिपणे काढली, स्वतः बांधली आणि त्यांनाच पाठवली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांना मदतनीसाची जागा मिळाली. १८३१ मध्ये त्यांनी चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण केली. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली जनित्रे आजही त्याच तत्त्वावर फिरतात.

त्यानंतरचा त्यांचा प्रश्न साधा होता. दोन धातूंमध्ये विजेचा भार साठवताना मधली जागा नुसती मोकळी असते की तिचाही काही वाटा असतो? त्यांनी एकात एक बसणाऱ्या पितळी गोळ्यांची दोन अगदी सारखी उपकरणे केली. एकात हवा ठेवली, दुसऱ्यातल्या फटीत लाखेची वाटी बसवली. एकाचा भार दुसऱ्याला वाटून दिल्यावर लाखेच्या उपकरणाने अधिक भार घेतला. काच आणि गंधक घालूनही तसेच घडले. साठवणूक मधल्या पदार्थावर ठरते, हे सिद्ध झाले. अशा पदार्थाला डायइलेक्ट्रिक म्हणतात आणि साठवणक्षमतेच्या एककाला त्यांच्या नावावरून फॅरड.

लाख भरली की क्षमता हवेच्या सुमारे दुप्पट होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटॅनेट हे सिरॅमिक हाती आले आणि हा आकडा हजाराच्या पुढे गेला. ते करण्याची रीत भद्रावतीच्या कुंभारकामाची आठवण करून देणारी आहे. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पूड एकत्र घोटायची, भट्टीत भाजायची, पुन्हा दळायची, दाबून चकत्या करायच्या आणि सुमारे १३०० अंशांवर पक्क्या भाजायच्या. मग दोन्ही बाजूंना चांदीचा लेप देऊन क्षमता मोजायची. पुडीचा कण किती बारीक, भट्टी किती तापली, यावर ती बदलते. तापमानानेही बदलते, १२० अंशांच्या आसपास ती एकदम चढते. म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळून तो चढ सपाट करावा लागतो, नाहीतर थंडीत आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात एकच यंत्र वेगवेगळे वागेल.

हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णाला झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरमध्ये मोठा कपॅसिटर असतो. त्यात सहसा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. सिरॅमिकचे चिमुकले कपॅसिटर यंत्राच्या बाकीच्या मंडलांत बसतात. काही सेकंदांत साठवलेली दीडशे-दोनशे ज्यूल ऊर्जा क्षणार्धात छातीतून जाते. त्या क्षणी मधल्या पदार्थाने दगा देऊन चालत नाही.

लाखेच्या प्रयोगानंतर दोन-तीन वर्षांत फॅरेडे आजारी पडले. चक्कर, डोकेदुखी आणि विसरभोळेपणा. संशोधन जवळपास थांबले. पाऱ्याच्या वाफेने असे झाले असावे, असा काहींचा तर्क आहे. पण इतक्या वर्षांनी निदान ठामपणे करता येत नाही. त्यांनी विश्रांती घेतली आणि १८४५ मध्ये ते परतले. १८२० च्या दशकात दुर्बिणीसाठी त्यांनी शिशाची जड काच वितळवली होती. त्या कामाचे फारसे चीज झाले नव्हते. तीच काच आता काढून त्यांनी चुंबक प्रकाशावर परिणाम करतो हे दाखवले.

स्मरणशक्ती पूर्ववत झाली नाही. आधार होता तो वहीचा. प्रत्येक निरीक्षणाला क्रमांक देत ते लिहीत गेले. ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. न जमलेले प्रयोगही त्यात आहेत. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले, आणि विसरणे वाढले तशी एकेक जबाबदारी स्वतःहून सोडली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आमच्याकडे विसरणारा माणूस बहुधा उशिरा येतो, कारण वय झाले असे घरचे धरून चालतात. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. येताना काय विसरले, केव्हापासून, कोणती औषधे चालू आहेत, हे तारखेसह वहीत लिहून आणा. आमचे निम्मे काम तिथेच होते.