प्रेक्षक जमवणारा कोच : न्यूट रॉकनी

टीम मैदानात उतरते आणि बाजूच्या बाकांवर बदली खेळाडू, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा एक ज्युनियर आणि लेक्चर बुडवून आलेली चार-दोन टाळकी बसलेली असतात. हे चित्र आपल्याला नवं नाही. सामना होता हे निम्म्या कॉलेजला कळतं ते नोटीस बोर्डावर ट्रॉफीसकट फोटो लागल्यावर. मग आपण म्हणतो, आपल्याकडे खेळाची आवडच नाही. पण आवड आपोआप लागत नाही, ती लावावी लागते. ते काम तेरा वर्षं चिकाटीने करणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव न्यूट रॉकनी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड इथे नोटर डेम हे कॅथलिक विद्यापीठ आहे. तिथला हा फुटबॉलचा कोच. हा फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे, तर अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल.

रॉकनीचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतल्या वॉस गावी झाला. वडील घोडागाड्या बनवायचे. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यानिमित्ताने वडील अमेरिकेत आले आणि मागोमाग सारं कुटुंबही आलं. तेव्हा न्यूट पाच वर्षांचा होता. इंग्रजी आणि फुटबॉल या दोन्ही गोष्टी तो शिकागोच्या गल्लीबोळांत शिकला. शाळा सुटली आणि पोरगा पोस्टात चिकटला. काही वर्षं पत्रांची छाननी करत पैसे साठवले आणि १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, नोटर डेमला दाखल झाला. घर प्रॉटेस्टंट, कॉलेज कॅथलिक, आणि वर्गातली पोरं आपल्याहून चार वर्षांनी लहान! पण गडी अभ्यासातही पक्का होता. १९१४ साली फार्मसीची पदवी उत्तम गुणांनी घेतली आणि पुढे काही काळ तिथेच रसायनशास्त्र शिकवलं.

त्याचं नाव पहिल्यांदा गाजलं ते १ नोव्हेंबर १९१३ रोजी. त्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा मित्र गस डोरे ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर नोकरी करत होते. फावल्या वेळात दोघे वाळूत चेंडू फेकण्या-झेलण्याचा सराव करायचे. चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा नियमांनी १९०६ सालीच दिली होती, पण मोठमोठ्या टीम तिचा फारसा उपयोग करत नसत. नोव्हेंबरात नोटर डेमची टीम वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीशी, म्हणजे आर्मीशी खेळायला गेली. डोरे फेकतोय आणि रॉकनी पळत पळत झेलतोय, हे बघून आर्मीवाले चक्रावले. नोटर डेमने ३५-१३ असा सामना मारला. प्रेक्षक जेमतेम काही हजार होते, पण दुसऱ्या दिवशी पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली. मैदानावर काय झालं याइतकंच ते लोकांपर्यंत कसं पोचतं यालाही महत्त्व असतं, हा धडा रॉकनी विसरला नाही.

चार वर्षं साहाय्यक म्हणून काढल्यावर १९१८ साली तो मुख्य कोच झाला. खेळाची आकडेवारी थोडक्यात सांगते: १३ हंगाम, १०५ विजय, १२ पराभव, ५ सामने बरोबरीत. पाच हंगाम तर असे की एकही सामना गमावला नाही, की बरोबरीत सुटला नाही. पण जिंकणाऱ्या टीम इतरही होत्या. रॉकनीचं वेगळेपण मैदानाच्या बाहेर दिसतं.

त्याच्यापुढची अडचण साधी होती. कार्टियर फील्ड हे घरचं मैदान लहान आणि लाकडी बाकांचं. आसपासच्या बड्या विद्यापीठांच्या संघटनेने नोटर डेमला सदस्यत्व नाकारलेलं. त्या छोट्या मैदानावर येऊन खेळायला मोठी कॉलेजं तयार नसत, कारण तिकिटांचे पैसे ते किती सुटणार? मग रॉकनीने उलटा विचार केला. लोक आपल्याकडे येत नसतील तर आपणच लोकांकडे जाऊ. टीम आगगाडीत बसवली आणि देशभर फिरवली. आर्मीशी होणारा वार्षिक सामना १९२३ पासून न्यूयॉर्क शहरात होऊ लागला, आणि १९२५ पासून तो यँकी स्टेडियममध्ये रुजला.

न्यूयॉर्कमध्ये जे झालं ते कुणी ठरवून घडवता आलं नसतं. तिथे आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांच्या वस्त्या होत्या. बहुतेक कॅथलिक, बहुतेकांनी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. त्यांना ही टीम आपली वाटली. भुयारी रेल्वेने स्टेडियमवर येणाऱ्या या मंडळींना पुढे गमतीने ‘सबवेचे माजी विद्यार्थी’ असं नावच पडलं. वर्गात एक दिवसही न बसलेली ही माणसं त्या विद्यापीठाची सगळ्यात निष्ठावंत मंडळी ठरली.

हे प्रेम समजून घ्यायचं तर तो काळ बघायला हवा. १९२० च्या दशकात इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅनचा जोर होता, आणि कृष्णवर्णीय व ज्यू यांच्याबरोबर कॅथलिक आणि स्थलांतरितही त्यांच्या द्वेषाचे धनी होते. मे १९२४ मध्ये क्लॅनने साउथ बेंडमध्येच मेळावा बोलावला. नोटर डेमचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, हाणामारी झाली, आणि त्यांना आवरता आवरता विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांची पुरेवाट झाली. त्याच वर्षीच्या हंगामात नोटर डेम एकही सामना हरली नाही. ज्यांना तुम्ही इथले नाहीच असं सुनावलं जात होतं, त्यांना दर शनिवारी अभिमानाने सांगावं असं काहीतरी मिळालं. टीमचा कोच स्वतः परदेशातून आलेला, आणि १९२५ साली त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला.

आता त्याची युक्ती बघा. प्रसिद्धीसाठी त्याने पगारी अधिकारी न आणता विद्यार्थीच नेमले. लिहिता हात असलेला एखादा मुलगा निवडायचा आणि वर्तमानपत्रांना बातम्या पुरवायचं काम त्याच्यावर सोपवायचं. आर्च वॉर्ड, फ्रान्सिस वॉलेस, जॉर्ज स्ट्रिकलर ही पुढे पत्रकारितेत नावारूपाला आलेली मंडळी याच तालमीतली. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी आर्मीला १३-७ असं हरवल्यावर ग्रँटलंड राइस या नामवंत क्रीडा पत्रकाराने नोटर डेमच्या चार खेळाडूंना बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. दुसरा कुणी असता तर कात्रण चिकटवून ठेवलं असतं. स्ट्रिकलरने साउथ बेंडला परतताच खरेखुरे चार घोडे मिळवले, चौघांना खेळाच्या पोशाखात वर बसवलं आणि फोटो काढवला. तो फोटो देशभर छापून आला. तोवर विद्यार्थी असलेल्या एका पोराचं हे डोकं!

१ जानेवारी १९२५ च्या रोझ बोल सामन्यासाठी टीम कॅलिफोर्नियाला गेली, तीही सरळ वाटेने नाही. दक्षिणेकडून वळसा घालत, न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन, टूसॉन अशा शहरांत थांबत, तिथल्या लोकांना भेटत. स्टॅनफर्डला २७-१० असं हरवलं. १९२७ साली शिकागोच्या सोल्जर फील्डवर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी सामना झाला तेव्हा गर्दीचा अंदाज १ लाख २० हजारांचा होता. रेडिओ नवीन होता. घरबसल्या सामना ऐकायला मिळाला तर तिकीट कोण काढील, ही भीती अनेकांना वाटत होती. नोटर डेमने प्रक्षेपणाला दार उघडं ठेवलं आणि श्रोत्यांमधूनच पुढचे प्रेक्षक तयार झाले.

या चित्राला काळी बाजूही आहे. त्या काळी सामन्याचे पंच निवडण्यात कोचचा हात असे, आणि रॉकनी पंच म्हणून क्रीडा पत्रकारांनाच मानधन देऊन बोलवायचा. शिकागो ट्रिब्यूनचा वॉल्टर एकर्सॉल त्यातलाच एक. जो पंच तोच वार्ताहर, मग टीका कोण करणार? आज हे कुणी खपवून घेणार नाही. विद्यापीठातले फादरही धास्तावले होते. आपल्याकडे लोक शिक्षणाचं ठिकाण म्हणून बघणार की फुटबॉलचा कारखाना म्हणून, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. म्हणूनच मोठ्या स्टेडियमचा विषय वर्षानुवर्षं लांबत गेला. मधे १९२५ साली रॉकनी कोलंबिया विद्यापीठात जाण्याच्या बेतात असल्याची बातमीही फुटली. अखेर तो राहिला.

स्टेडियमला मंजुरी मिळाली आणि १९२९ चा सगळा हंगाम टीमने बाहेरगावी काढला. पायातल्या रक्तवाहिनीच्या दुखण्याने बेजार झालेला रॉकनी काही सामन्यांना चाकांच्या खुर्चीतून हजर होता. तरी नऊच्या नऊ सामने जिंकले. इकडे २० लाखांवर विटांचं, साडेसात लाख डॉलरहून अधिक खर्चाचं बांधकाम चालू होतं आणि त्यात रॉकनीचं बारीक लक्ष होतं. मैदान आणि पहिली रांग यांतलं अंतर कमीत कमी ठेवायला त्याने लावलं, म्हणजे बघणाऱ्याला आपण खेळातच आहोत असं वाटावं. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या मान्यवरांची गर्दी त्याने छाटली. गाड्या कुठून येतील, कुठे लागतील, कशा बाहेर पडतील याची आखणीही त्याने नजरेखालून घातली. इतका नावाजलेला कोच पार्किंगचा विचार करत होता! कारण त्याला ठाऊक होतं की प्रेक्षकाचा सामना घरून निघाल्यापासून सुरू होतो आणि घरी पोचल्यावर संपतो. जुन्या कार्टियर फील्डची हिरवळ उचलून नव्या मैदानात लावली, तेवढी आठवण मात्र जपली.

४ ऑक्टोबर १९३० रोजी स्टेडियम उघडलं. पन्नास हजारांवर जागा, आणि आले सुमारे १५ हजार. मंदीचे दिवस होते. आठवड्याने उद्घाटनाच्या सामन्याला ४० हजारांवर लोक जमले. टीमने तो हंगामही न हरता पार पाडला.

३१ मार्च १९३१ रोजी एका चित्रपटाच्या कामासाठी रॉकनी विमानाने लॉस एंजेलिसला निघाला. कॅन्सस राज्यात बझार गावाजवळ विमानाचा लाकडी पंख तुटला आणि आतले आठही जण दगावले. रॉकनी ४३ वर्षांचा होता. त्याचा अंत्यविधी रेडिओवरून देशभर ऐकवला गेला. त्या अपघातानंतर तसल्या विमानांची कसून तपासणी झाली आणि विमान बांधणीचे नियम कडक झाले.

स्वतःच्या स्टेडियमात त्याला एकच हंगाम मिळाला आणि ते काठोकाठ भरलेलं त्याने पाहिलं नाही. ते पहिल्यांदा भरलं २१ नोव्हेंबर १९३१ ला, ५०,७३१ प्रेक्षकांनी. समोर सदर्न कॅलिफोर्नियाच होती. नोटर डेम त्या दिवशी १६-१४ अशी हरली.

पण लोक पुढच्या हंगामालाही आलेच. आपल्याकडे ना तेवढा पैसा, ना आगगाडीने देश फिरण्याची सोय. तरी त्यातलं बरंच आपल्या आवाक्यात आहे. बातमी लिहिणारा एक विद्यार्थी, फोटोची नजर असलेला दुसरा, गावातल्या लोकांना आपुलकीचं बोलावणं आणि बसायला सावलीतली जागा. यातलं काहीही ट्रॉफी जिंकण्याची वाट बघत थांबत नाही.