अमेरिका नावाच्या आईचा मुलगा

‘रेस’ हा शब्द आपल्या घरात चांगल्या अर्थाने सहसा येत नाही. अमक्याने रेसच्या नादात घर विकलं, तमक्याने बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, अशाच गोष्टी ऐकत आपण मोठ्या झालो. बचत गटाच्या कामामुळे मला तर हे नेहमीचंच. हप्ता चुकला की बाई आधी आजारपणाचं सांगते, मग पावसाचं, आणि शेवटी हळूच नवऱ्याच्या आकड्याचं निघतं. त्यामुळे घोड्यांच्या शर्यतीतल्या माणसाबद्दल या पानावर लिहायचं म्हटल्यावर काही जणींच्या भुवया वर जातील. पण आज ज्याची गोष्ट सांगणार आहे त्याच्यावर लोक डोळे झाकून पैसे लावत, आणि त्याला विकत घ्यायला निघालेल्यांना तो कधी मिळाला नाही. त्याचं नाव आयझॅक मर्फी. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला हा काळा जॉकी, आणि त्याच्या आईचं नाव होतं अमेरिका.

आपल्याकडे कोल्हापूर म्हटलं की जशी कुस्ती, तसा तिकडे केंटकी म्हटलं की घोडा. लेक्सिंग्टन गावाच्या भोवतालची जमीन चुनखडीची. तिथलं गवत खाऊन आणि पाणी पिऊन घोड्यांची हाडं बळकट होतात, असं तिथले लोक मानतात. मैलोन्मैल कुरणं, पांढरी कुंपणं आणि पागा. पण या वैभवाला घाम कुणाचा लागला? गुलामांचा. घोड्यांना खरारा करणारे, त्यांना शिकवणारे, त्यांच्यावर बसून शर्यत मारणारे बहुतेक सगळे काळे गुलाम होते. घोडा मालकाचा आणि स्वारही मालकाचाच.

आयझॅकचा जन्म १८६१ साली लेक्सिंग्टनजवळच्या एका शेतावर, गुलामीतच झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. केंटकी राज्य लिंकनच्या बाजूला राहिलं खरं, पण गुलामी सोडायला तयार नव्हतं. लिंकनने गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली, तीही या राज्याला लागू नव्हती. काळ्या माणसाला सुटकेची वाट एकच होती, ती म्हणजे सैन्यात नाव घालणं. आयझॅकच्या वडिलांनी तेच केलं. ते गेले आणि परत आले नाहीत. १८६५ च्या मार्चमध्ये कायदा झाला, की अशा सैनिकांच्या बायका-मुलांनाही स्वतंत्र मानावं. वर्षाच्या शेवटी तर सगळ्या देशातच गुलामी संपली.

आता अमेरिकाबाईचा विचार करा. नवरा गेलेला, मूल लहान, हातात मोकळेपणा आहे पण त्याखेरीज काही नाही. ती मुलाला घेऊन लेक्सिंग्टनला आपल्या वडिलांकडे आली आणि लोकांचे कपडे धुऊ लागली. परक्यांचे कपडे धुऊन मुलं वाढवणाऱ्या बायका आपण सगळ्याच ओळखतो. फरक एवढाच की ज्यांचे कपडे ती धूत होती ते घोड्यांच्या धंद्यातले लोक होते. त्या ओळखीतून तिचा मुलगा पागेत गेला. अंगाने बारीक, वजन जेमतेम ७० पौंड, म्हणजे साधारण ३२ किलो. शर्यतीच्या घोड्याला असाच हलका स्वार हवा असतो. एली जॉर्डन नावाच्या काळ्या ट्रेनरने त्याला हाताशी धरलं. खोगीर चढवणं, पहाटे घोडा फिरवणं, मुख्य म्हणजे घोड्याची चाल ओळखणं, हे सगळं तो तिथे शिकला.

१८७५ च्या मे महिन्यात लुईव्हिल शहरात आयझॅक पहिल्यांदा शर्यतीत उतरला. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, त्याच शहरात पहिली ‘केंटकी डर्बी’ झाली. ही शर्यत तिथे अजून होते. २०२४ साली तिची १५० वी खेप झाली. सुरुवात केली मेरिवेदर लुईस क्लार्क नावाच्या उमद्या गृहस्थाने. तो इंग्लंड-फ्रान्समध्ये जाऊन तिथली रेसकोर्स पाहून आला होता. आपल्या चर्चिल आडनावाच्या मामांची जमीन घेऊन त्याने मैदान उभारलं, म्हणून त्याचं नाव पुढे ‘चर्चिल डाउन्स’ पडलं. पहिल्या डर्बीला सुमारे १० हजार माणसं जमली. १५ घोडे धावले आणि त्यांतले १३ जॉकी काळे होते. जिंकलेल्या ‘ॲरिस्टिडीज’वरही ऑलिव्हर लुईस हा काळा जॉकी होता, आणि त्या घोड्याला तयार करणारा ॲन्सेल विल्यमसन हा पूर्वीचा गुलाम.

आता जरा पैशाचं समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय आयझॅकचं मोठेपण कळायचं नाही. तेव्हा मैदानावर बुक्यांचं राज्य असे. कोणत्या घोड्याला काय भाव, हे बुकी ठरवी. ज्या घोड्यावर सगळ्यांनी पैसे लावले तोच जिंकला तर बुकी बुडे, आणि तो हरला तर बुक्याची दिवाळी. म्हणजे लोकांच्या आवडत्या घोड्याला कुणी हळूच मागे खेचलं, तर त्यात बुक्याचा फायदा. आणि खेचणार कोण? ज्याच्या हातात लगाम आहे तो, जॉकी. सगळा धंदा अखेर त्या दोन हातांवर चाललेला.

क्लार्कने यावर फ्रान्समधली एक पद्धत आणली. सगळ्यांचे पैसे एकाच डब्यात टाकायचे, मैदानाच्या मालकाने आपला वाटा आधी काढायचा, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे. मुंबईत महालक्ष्मीला ज्याला टोट म्हणतात ते हेच. समजा १०० जणींनी दहा-दहा रुपये टाकले, हजार झाले. चालवणाऱ्याने दीडशे आधीच काढून घेतले. राहिले साडेआठशे. आपल्या भिशीत पाळी आली की प्रत्येकीला पूर्ण रक्कम मिळते. इथे मात्र सगळ्यांना मिळून नेहमी कमीच मिळणार, हे पहिल्या घोड्याने पाऊल उचलायच्या आधीच ठरलेलं असतं. तरी यात मैदानाच्या मालकाला कुणाच्या हरण्यात रस उरत नाही, एवढं बरं. पण तेव्हा बुक्यांपुढे ही यंत्रं टिकली नाहीत. १९०८ साली लुईव्हिलमध्ये बुक्यांवर बंदी आली, तेव्हा ती पुन्हा बाहेर काढावी लागली. ते पाहायला क्लार्क नव्हता. पैशाने खचलेल्या त्या माणसाने १८९९ मध्येच आपलं आयुष्य संपवलं होतं.

अशा बाजारात आयझॅक वाढला. जन्माचं आडनाव बर्न्स, पण आईच्या इच्छेवरून त्याने आजोबांचं मर्फी हे आडनाव घेतलं. आई १८७९ मध्ये गेली. मुलाची खरी भरभराट तिने पाहिली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या मैदानावर त्याने ‘फॉल्सेटो’ या केंटकीच्या घोड्यावर बसून मोठमोठ्यांना हरवलं. तिथेच जुगाऱ्यांनी त्याला गाठलं, घोडा मागे ठेवलास तर मोठी रक्कम देऊ म्हणाले. आयझॅक त्यांना बधला नाही. तो घोड्यावर बसला आणि जिंकून आला. तेव्हा तो फक्त अठरा वर्षांचा होता, धुणं धुणाऱ्या बाईचा मुलगा, नुकताच पोरका झालेला. पैशाची गरज नसेल असं कोण म्हणेल?

त्याची बसण्याची तऱ्हाही वेगळी होती. चाबूक फारसा उगारायचा नाही, टाच मारायची नाही. घोड्यात किती दम शिल्लक आहे हे त्याला आतून कळे, आणि शेवटच्या टप्प्यात तो अगदी थोडक्या अंतराने पुढे निघे. विनाकारण दहा हात पुढे पळवून जनावर थकवणं त्याला पसंत नव्हतं. १८८४ साली ‘बुकॅनन’ या तापट घोड्यावर बसायला तो आधी राजी नव्हता, पण बसला आणि केंटकी डर्बी जिंकला. त्याच हंगामात त्याने घोड्यांच्या ‘केंटकी ओक्स’ या फक्त घोडींसाठीच्या शर्यतीत ‘मॉडेस्टी’ला पहिलं आणलं, आणि याच घोडीवर शिकागोची पहिली ‘अमेरिकन डर्बी’ही मारली. पुढे १८९० मध्ये ‘रायली’वर आणि १८९१ मध्ये ‘किंगमन’वर बसून त्याने पुन्हा केंटकी डर्बी जिंकली. तीन डर्बी जिंकणारा तो पहिलाच. हा विक्रम मोडायला १९४८ साल उजाडावं लागलं.

त्याच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे तो १४१२ शर्यती धावला आणि ६२८ जिंकला, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. कागदोपत्री जेवढ्या सापडतात तेवढ्याच धरल्या तरी शंभरात चौतीस भरतात. चांगल्या जॉकीने शंभरात वीस मारल्या तरी लोक खूश असतात. वर्षाला १५ ते २० हजार डॉलरची त्याची कमाई होती. त्या काळी देशातल्या कोणत्याही खेळाडूच्या तोडीस तोड. १८८३ मध्ये त्याने लूसी कारशी लग्न केलं. लेक्सिंग्टनच्या ईस्ट थर्ड स्ट्रीटवर, रेसकोर्सच्या जवळ, दोघांनी मोठं विटांचं घर घेतलं. दोघांना मूल झालं नाही, पण घर पाहुण्यांनी भरलेलं असे. गुलामीत जन्मलेल्या माणसाचं ते घर होतं, हे विसरू नका.

पण याची किंमत त्याचं शरीर मोजत होतं. थंडीत शर्यती नसत, तेव्हा त्याचं वजन १४० पौंडांवर, म्हणजे ६३ किलोवर जाई. हंगाम आला की ते पन्नास किलोच्या आसपास आणायचं. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी अशी गंमत असते, त्याचे उपास मात्र खरेच होते. दिवसदिवस उपाशी राहायचं, जाड कपडे घालून चालत घाम काढायचा, आणि अशा अवस्थेत अंगात उसनं बळ यावं म्हणून शॅम्पेनचे घोट घ्यायचे. तेव्हाचे जॉकी असंच जगत. वर्षामागून वर्षं असं केल्यावर कोणतं शरीर टिकेल?

१८९० च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला ‘सॅल्व्हेटर’ आणि ‘टेनी’ या दोन घोड्यांची झुंज लागली, तेव्हा सॅल्व्हेटरवर बसून आयझॅकने ती अगदी थोडक्याने जिंकली. त्याचं नाव देशभर झालं. आणि दोनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीच्या मॉनमथ पार्कवर घात झाला. ‘फिरेन्झी’ ही नावाजलेली घोडी, लोकांचा सगळा पैसा तिच्यावर. त्या दिवशी आयझॅकला खोगिरावर धड बसताही येईना. घोडी शेवटची आली आणि तो खाली कोसळला. लोकांनी लगेच ठरवलं, दारू पिऊन आला. त्याला काही काळ शर्यतींतून बाहेर ठेवलं. आपल्याला कुणीतरी काहीतरी पाजलं, असा त्याला संशय होता. उपासांनी खंगलेलं शरीर असू शकेल, विषही असेल. खरं काय ते कधी उलगडलं नाही. पंधरा वर्षं जपलेलं नाव मात्र एका दुपारी डागाळलं. गोऱ्या जॉकीला भोवळ आली असती तर आधी डॉक्टरला बोलावलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पुढच्याच वर्षी त्याने डर्बी जिंकून दाखवली. ‘किंगमन’ या घोड्याच्या मालकीत आणि तयारीत डडली ॲलन या काळ्या माणसाचा हात होता, हे विशेष. तरीही त्याला घोडे कमी कमी मिळत गेले. १२ फेब्रुवारी १८९६ रोजी न्यूमोनियाने तो गेला. वय फक्त ३५. अंत्ययात्रेला पाचशेहून जास्त माणसं होती.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणं कायदेशीर ठरवलं. मैदानावरही तेच वारं आलं. जॉकीच्या धंद्यात पैसा दिसू लागल्यावर गोरे जॉकी काळ्यांना कुंपणाशी दाबू लागले, मालक त्यांना घोडे देईनात. पहिल्या २८ केंटकी डर्बींपैकी १५ काळ्या जॉकींनी जिंकल्या होत्या. १९०२ साली जिमी विंकफील्ड जिंकला, त्यानंतर आजवर एकही नाही. १९२१ ते २००० या काळात तर डर्बीत काळा जॉकी दिसलाच नाही. ज्यांनी हा खेळ उभा केला त्यांनाच दाराबाहेर काढलं. जुगार माणसाला लुबाडतो हे आपल्याला ठाऊक आहे. इथे तर खेळणाऱ्याइतकाच खेळवणाराही लुबाडला गेला.

आयझॅकला लेक्सिंग्टनच्या काळ्या लोकांच्या दफनभूमीत पुरलं होतं. जागेवर आधी लाकडी खूण होती, ती गेली आणि लोक जागाच विसरले. १९५५ साली राष्ट्रीय रेसिंग संग्रहालयाने मानाच्या यादीत त्याचं नाव घातलं, तेव्हा कबर कुठे आहे हे माहीत असणारं क्वचितच कुणी होतं. फ्रँक बॉरीस नावाच्या पत्रकाराने काही वर्षं शोध घेऊन, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून ती शोधली. १९६७ मध्ये आयझॅकचे अवशेष समारंभाने हलवले. आता तो केंटकी हॉर्स पार्कमध्ये, ‘मॅन ओ’वॉर’ या गाजलेल्या घोड्याच्या शेजारी आहे. ईस्ट थर्ड स्ट्रीटवर त्याच्या घराच्या जागी त्याच्या नावाची बाग आहे.

आणि लूसी? तिला ते मोठं घर राखता आलं नाही. १९१० मध्ये ती गरिबीतच गेली. नवऱ्याजवळ, त्याच जुन्या दफनभूमीत तिला पुरलं होतं. नवऱ्याला सन्मानाने नेलं तेव्हा तिला न्यायचं कुणाला सुचलं नाही. ती अजून तिथेच आहे.